ट्रॅक्टरच्या त्रिबिंदू जोडणीतील संज्ञा आणि क्रिया : मागे बसविलेल्या गवतकापणी यंत्राच्या अनुषंगाने

यंत्राच्या अवयवांची नावे बहुधा ते यंत्र ज्या कामासाठी प्रथम घडविले गेले त्या कामावरून पडलेली असतात. पुढे तेच यंत्र दुसऱ्या कामाला लावले जाते. अवयव तेच राहतात, नावेही तीच राहतात. नाव आणि कार्य यांतील नाते मात्र सुटते. शब्दार्थविचारात या घटनेची पुष्कळ उदाहरणे देता येतात आणि बहुतेक ठिकाणी तिच्यापासून कोणाला काही अपाय होत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या त्रिबिंदू जोडणीची गोष्ट वेगळी आहे. ही जोडणी नांगरासाठी जन्माला आली. तिचे स्क्रू, साखळ्या आणि लिव्हर यांची नावे नांगरटीच्या भाषेतली आहेत. त्याच जोडणीवर गवत कापण्याचे यंत्र बसविले म्हणजे ही नावे चालकाला चुकीचा स्क्रू फिरवावयास लावतात, आणि त्याचा परिणाम वेडेवाकडे कापलेले गवत, मोडलेला गिअरबॉक्स किंवा क्वचित जिवावरचा अपघात यांत होतो. म्हणून या जोडणीच्या जुळणीचे विवेचन करताना शब्द आणि क्रिया यांचा एकत्र विचार करणे इष्ट ठरते.

आरंभी खुद्द जोडणीच्या नावाकडे पाहावे. अमेरिकन इंग्रजीत तिला ‘थ्री पॉइंट हिच’ म्हणतात, ब्रिटिश इंग्रजीत ‘थ्री पॉइंट लिंकेज’. पहिला शब्द घोडा गाडीला बांधण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. दुसरा यंत्रशास्त्रातला, दुव्यांची रचना सांगणारा आहे. मराठीत या ठिकाणी घडलेला बदल अधिक लक्षणीय आहे. बैल औताला जुंपतात. जुंपला जातो तो प्राणी, आणि ‘ला’ प्रत्यय लागतो तो औताला. ट्रॅक्टरच्या बाबतीत कोणी ‘ट्रॅक्टर नांगराला जुंपला’ असे म्हणत नाही. ‘नांगर ट्रॅक्टरला जोडला’ असेच म्हणतात. क्रियापद बदलले, आणि त्याबरोबर प्रत्ययही एका नामावरून दुसऱ्या नामावर गेला. (‘जुंपणे’ हे क्रियापद मात्र बेकार झाले नाही, माणसे अजूनही कामाला जुंपली जातात आणि दोघांची आपापसांत जुंपतेही.) हा बदल केवळ रूढीचा नव्हे, वस्तुस्थितीचा आहे. बैलामागचे औत हे स्वतंत्र असते आणि दोराने ओढले जाते. त्रिबिंदू जोडणीवरचे औत ट्रॅक्टरचाच एक अवयव बनते. ते उचलले जाते, दाबले जाते, त्याचे वजन मागच्या चाकांवर येते. मराठी बोलणाऱ्याने हा फरक व्याकरणात नोंदविला. अवयवांच्या नावांत तो नोंदविला गेला नाही, कारण ती नावे इंग्रजीतून तयार स्वरूपात आली.

या जोडणीचे जनक हॅरी फर्ग्युसन हे आयर्लंडच्या उत्तरेकडील डाउन परगण्यातले. जन्म 1884 चा. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधील ट्रॅक्टरांची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि त्या वेळच्या मागे ओढल्या जाणाऱ्या नांगराचा एक मोठा दोष त्यांच्या लक्षात आला. फाळ दगडाला अडला की नांगर जागच्या जागी थांबे, पण ट्रॅक्टरची मागची चाके फिरतच राहत. अशा वेळी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटा होई. 1925 साली त्यांनी ज्या पेटंटासाठी अर्ज केला त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या : औत ट्रॅक्टरला जोडणे आणि कामाची खोली आपोआप राखणे. 1936 च्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर ही रचना एक दुवा वर आणि दोन दुवे खाली या आजच्या रूपात बाजारात आली. 1938 साली हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनाने झालेल्या करारानंतर 1939 च्या फोर्ड 9 एन ट्रॅक्टरवर ती अमेरिकेत पसरली. 1946 पासून इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे निघू लागलेल्या टीई 20 या लहान करड्या ट्रॅक्टरने ती जगभर नेली. महाराष्ट्रात मुंबईस 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. आज येथील शेतात दिसणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे हीच रचना असते.

रचना थोडक्यात अशी. खाली डावीकडे व उजवीकडे दोन लोअर लिंक; त्यांच्या टोकांच्या गोळ्यांत औताच्या पिना बसतात. वर मध्यभागी टॉप लिंक. ही दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेली नळी असून ती फिरविली म्हणजे लांब किंवा आखूड होते. हायड्रॉलिकचे दोन हात वरून दोन उभ्या दांड्यांच्या साहाय्याने लोअर लिंकांना उचलतात. या दांड्यांना लिफ्ट रॉड म्हणतात, आणि त्यांपैकी निदान उजव्या दांड्याची लांबी हँडल फिरवून बदलता येते. लोअर लिंक डावी-उजवीकडे किती झुलावी हे चेक चेन ठरविते. पिनांचे व्यास ठरलेले आहेत : पहिल्या वर्गात खालची पिन सुमारे 22 मिलिमीटर व वरची 19, दुसऱ्या वर्गात खालची 28 व वरची 25. पहिल्या वर्गाची पिन दुसऱ्या वर्गाच्या गोळ्यात बुशशिवाय घातली तर तिला सहा मिलिमीटरांची मोकळीक मिळते, आणि पुढे घेतलेली सर्व मापे तेवढ्याने खोटी ठरतात.

तीन बिंदू एका रेषेत नसले की त्यांच्यामुळे एक पातळी निश्चित होते, हे भूमितीचे साधे तत्त्व. या जोडणीत तीनही बिंदू हलविता येतात, म्हणून औताची पातळी हवी तशी कलती करता येते. येथेच पहिला शाब्दिक घोटाळा उद्‌भवतो. चालकाला सांगितले जाते, ‘मशीन लेव्हल करा.’ गवंड्याच्या तोंडी ‘लेव्हल’ म्हणजे पाणसळीवर येणारी पातळी. तिला एकच अर्थ आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हा एक शब्द निदान तीन क्रियांना लावला जातो. यंत्राची उजवी आणि डावी बाजू सारख्या उंचीवर आणणे ही एक. त्याची पुढची व मागची कड परस्परांच्या मानाने ठरविणे ही दुसरी. आणि संपूर्ण यंत्र जमिनीपासून किती उंच चालावे हे ठरविणे ही तिसरी. पहिली क्रिया लिफ्ट रॉडची, तिसरी हायड्रॉलिक लिव्हरची. दुसरी कोणाची, हे मात्र यंत्राच्या जातीवर अवलंबून असते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

गवतकापणी यंत्राच्या नावांतही एकवाक्यता नाही. जमिनीला समांतर फिरणारे जाड पाते, त्यावर पत्र्याचे झाकण आणि मागे टेकूचे एक लहान चाक अशा यंत्राला भारतात व ऑस्ट्रेलियात ‘स्लॅशर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ते ‘टॉपर’ होते. अमेरिकेत त्याला ‘रोटरी कटर’ म्हणतात, किंवा अलाबामातल्या सेल्मा येथील एका कारखान्याच्या छापावरून सरसकट ‘बुश हॉग’ म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम झाल्याचे हे ठळक उदाहरण होय. हिरवळीसाठी असलेले, चार कोपऱ्यांना चार चाके असणारे यंत्र निराळे. अमेरिकेत त्याला ‘फिनिश मोअर’ म्हणतात. येथे मुख्यतः स्लॅशरचा विचार केला आहे. फळबागांच्या ओळींमधील गवत काढण्यासाठी महाराष्ट्रातही तोच वापरला जातो.

नांगर आणि स्लॅशर यांतील मूलभूत भेद असा की, नांगर जमिनीत काम करतो, स्लॅशर जमिनीच्या वर. नांगराला जमीन मागे खेचते आणि हा विरोध खोलीनुसार कमीजास्त होतो. फाळावर विरोध आला की नांगराचे वरचे टोक पुढे ढकलले जाते आणि टॉप लिंक दाबली जाते. फर्ग्युसन यांच्या युक्तीचे मर्म हेच आहे : तो दाब एका स्प्रिंगमार्फत हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, विरोध वाढला की नांगर किंचित उचलला जातो, कमी झाला की खाली सोडला जातो. या विरोधाला इंग्रजीत ‘ड्राफ्ट’ आणि या व्यवस्थेला ‘ड्राफ्ट कंट्रोल’ म्हणतात. स्लॅशरला असा विरोध जवळजवळ नसतोच. तो उचललेला असताना टॉप लिंक दाबली न जाता उलट ताणली जाते. तेव्हा ड्राफ्ट कंट्रोलला काही अर्थपूर्ण निरोप मिळत नाही. मिळतात ते खड्ड्याउंचवट्यांचे धक्के, आणि हायड्रॉलिक त्यांनाच विरोध समजून यंत्र वरखाली करू लागते. पाते एके ठिकाणी माती खरवडते आणि पुढच्या पावलावर गवत तसेच ठेवते.

यावर उपाय म्हणजे पोझिशन कंट्रोल. त्यात लिव्हरची जागा आणि लोअर लिंकांची उंची यांचे नाते पक्के असते. ओढ कितीही असो, लिव्हर जिथे तिथे औत. दोन लिव्हर असणाऱ्या ट्रॅक्टरांवर स्लॅशरसाठी ड्राफ्टचा लिव्हर निष्क्रिय स्थितीत ठेवून केवळ पोझिशनचा लिव्हर वापरावा. हे सोपे वाटते. परंतु भारतीय बाजारात ‘एडीडीसी’ या आद्याक्षरी नावाने ही संपूर्ण व्यवस्था विकली जाते आणि त्या नावात खोली व ओढ हे दोन्ही शब्द आहेत, स्थान हा शब्दच नाही. नाव वाचून यंत्र समजून घेणाऱ्यास ते नांगराकडेच नेते.

जुन्या ट्रॅक्टरांवर तर हा प्रश्न लिव्हरने सुटतच नाही. फोर्ड 9 एन, 1942 चा 2 एन आणि टीई 20 यांच्यावर पोझिशन कंट्रोल नव्हताच. तो फोर्डने 1947 च्या 8 एन वर आणि इंग्लंडमध्ये फर्ग्युसन यांच्या नावाच्या ट्रॅक्टरांनी 1956 च्या एफई 35 वर आणला. त्यापूर्वीच्या ट्रॅक्टरावर स्लॅशर मध्येच कोठे उंचीवर थांबवू गेल्यास तो हळूहळू खाली सरकतो, मग झटक्याने वर येतो. अशा ट्रॅक्टरांचे जतन करणारे आजही दोन साखळ्या वापरतात : टॉप लिंकच्या वरच्या खिळीपासून दोन्ही लोअर लिंकांच्या टोकांपर्यंत मापाच्या साखळ्या बांधावयाच्या आणि लिव्हर पूर्ण खाली सोडावयाचा. मग उंची हायड्रॉलिक ठरवीत नाही, साखळी ठरविते. नांगराची खोली जू व हळस यांमधला दोर पुढेमागे बांधून साधणाऱ्या शेतकऱ्यास ही युक्ती परकी वाटू नये.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळता येईल. ती फरसबंद किंवा निदान सपाट, टणक जागेवर करावी. मागच्या दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे हे आधी पाहावे. एका टायरात हवा कमी असेल तर पुढचे सर्व श्रम त्या टायरची चूक झाकण्यात जातात. इंजिन बंद, किल्ली काढलेली, पीटीओ सुटलेला आणि झाकणाखाली लाकडाचे भक्कम ठोकळे, एवढे झाल्यावाचून पात्याजवळ हात नेऊ नये. हायड्रॉलिकवर उचलून धरलेले यंत्र तेलाची एक नळी फुटल्याने खाली येते, आणि इंजिन बंद असतानाही लिव्हरला धक्का लागल्यास येते.

प्रथम आडवी पातळी. झाकणाची उंची न मोजता पात्याच्या टोकाची मोजावी, कारण झाकण वाकलेले असू शकते. पाते हाताने आडवे फिरवून उजव्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी, मग तेच टोक डावीकडे आणून मोजावे. फरक निघाल्यास उजव्या लिफ्ट रॉडचे हँडल फिरवावे. दांडा आखूड झाला की उजवी बाजू वर येते. येथे नांगराचा वारसा केवळ शब्दांत नव्हे तर लोखंडातही सापडतो. उजवीकडे माती पलटविणाऱ्या नांगराने नांगरताना ट्रॅक्टरची उजवी चाके तासात चालतात. तास 15 सेंटिमीटर खोल असेल आणि दोन चाकांतील अंतर 130 सेंटिमीटर असेल, तर ट्रॅक्टर तेवढा उजवीकडे कलतो. नांगर मात्र सरळ राहावा म्हणून उजवा लिफ्ट रॉड आखूड करून ठेवलेला असतो. तो तसाच राहिला आणि सपाट जमिनीवर 150 सेंटिमीटर रुंद स्लॅशर लावला, तर त्याची उजवी कड डावीहून सुमारे 17 सेंटिमीटर वर राहील. एवढा फरक डोळ्यांना दिसतो आणि चालक तो अंदाजाने काढतो. उरतात ते दोनतीन सेंटिमीटर, आणि कापलेल्या रानात पायऱ्या पडतात त्या त्यांच्यामुळेच.

त्यानंतर पुढची-मागची पातळी. स्लॅशरच्या पात्याचे पुढचे टोक मागच्या टोकाहून किंचित खाली, साधारण एकदोन सेंटिमीटर, असावे. गवत पुढच्या अर्धवर्तुळात एकदाच कापले जाते आणि पाते मागून फिरताना त्याच बुंध्यांवर पुन्हा घासत नाही. इंजिनावरचा भार त्यामुळे कमी राहतो. याच्या उलट मागची कड खाली ठेवली तर कापलेले गवत पुनःपुन्हा तुटून बारीक होते, पण त्यासाठी ताकद अधिक लागते. गवताचे आच्छादन करावयाचे असेल त्याने हा दुसरा मार्ग जाणूनबुजून घ्यावा. अजाणता घेतला तर इंजिन काळा धूर सोडू लागते आणि दोष डिझेलला दिला जातो.

ही पातळी साधण्यासाठी बहुतेक चालकांचा हात टॉप लिंककडे जातो. नांगराच्या बाबतीत तो योग्यच असतो. टॉप लिंक आखूड केली की फाळाचे टोक खाली झुकते आणि नांगर जमिनीत शिरतो. मागे चाक असलेल्या स्लॅशरच्या बाबतीत मात्र टॉप लिंकला कापणी चालू असताना काही कामच नसते. पुढची उंची लोअर लिंक ठरवितात, मागची उंची टेकूचे चाक ठरविते. पातळी त्या दोहोंमधील फरकाने येते. म्हणून कापणीची उंची आधी पोझिशनच्या लिव्हरने पक्की करावी, लिव्हरचा थांबा तेथे घट्ट करावा, आणि मग मागच्या चाकाची बैठक एकएक भोक वरखाली करून हवा तो झोक आणावा. पिनांपासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर लक्षात ठेवावे : पाते साधारण मध्यावर असल्याने पिना 4 सेंटिमीटर उचलल्या तर पात्याचा मध्य सुमारे 2 सेंटिमीटरच उचलला जातो. चार चाकांच्या यंत्रात तर उंची आणि झोक ही दोन्ही चाकांनीच ठरतात. लोअर लिंक तेथे केवळ ओढतात, त्यांनी वजन धरावयाचे नसते. चाके मुळीच नसलेल्या यंत्रात मात्र झोक पुन्हा टॉप लिंककडे जातो. नाव एक, जागा एक, स्क्रू एक. तीन यंत्रांत त्याचे तीन अर्थ होतात.

मग स्लॅशरवर टॉप लिंक कशासाठी? दोन कारणांसाठी. एक म्हणजे यंत्र उचलण्यासाठी, आणि दुसरे म्हणजे त्याला ट्रॅक्टरवर पालथे पडू न देण्यासाठी. स्लॅशरच्या वरच्या चौकटीत टॉप लिंकची पिन थेट बसवीत नाहीत; मध्ये एक झुलती पट्टी असते. सपाट जमिनीवर, यंत्र कापणीच्या उंचीवर असताना, ही पट्टी मधोमध उभी राहील इतकी टॉप लिंकची लांबी ठेवावी. म्हणजे तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे मोकळीक मिळते. ट्रॅक्टरची पुढची चाके चारीत उतरली की त्याचा मागचा भाग वर येतो. पट्टीला मोकळीक असेल तर यंत्राचे मागचे चाक जमिनीवरच राहते, नसेल तर ते अधांतरी होते. पुढची चाके बांधावर चढली तर उलट घडते : ताठ टॉप लिंक ट्रॅक्टरच्या मागच्या भागाचा भार त्या लहान चाकावर टाकते आणि चाकाची दांडी किंवा झाकण वाकते. मोकळीक अति झाली तर मात्र यंत्र उचलताना पुढचा भाग पुष्कळ वर जातो आणि मागचे चाक फरपटतच राहते.

काही जण टॉप लिंकच्या जागी साखळीच बांधतात. लवचीकपणा त्यात भरपूर मिळतो, हे खरे. पण साखळी ताण घेते, दाब घेत नाही. मागे जाताना यंत्राची कड बुंध्याला किंवा बांधाला अडली तर यंत्र उभे होऊन चालकाच्या पाठीकडे दुमडते, आणि त्या वेळी पाते फिरत असते. फर्ग्युसन यांनी जो धोका टाळण्यासाठी ही जोडणी घडविली, जवळजवळ तोच धोका वेगळ्या रूपाने पुन्हा आत घेण्याचा हा प्रकार आहे.

टॉप लिंकची लांबी बदलली की आणखी एक गोष्ट बदलते, आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून स्लॅशरच्या गिअरबॉक्सपर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात. इंग्लंडात या सांध्याला सतराव्या शतकातील रॉबर्ट हूक यांचे नाव आहे, युरोप खंडात सोळाव्या शतकातील कार्डानो यांचे. मराठी मेकॅनिकला दोघांशीही कर्तव्य नाही, तो ‘क्रॉस’ म्हणतो आणि वस्तूचा आकार अचूक सांगतो. हा सांधा कोनात फिरला की त्याच्या पुढच्या दांड्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. पीटीओ मिनिटाला 540 फेरे करीत असेल आणि सांध्यात 15 अंशांचा कोन असेल, तर पुढचा दांडा क्षणोक्षणी सुमारे 522 ते 559 या वेगांत हेलकावतो. कोन 30 अंशांचा झाला की हीच मर्यादा सुमारे 468 ते 624 इतकी रुंदावते. दुसऱ्या टोकाचा सांधा हा हेलकावा उलट दिशेने फेडतो, पण दोन अटींवर : दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत असावेत आणि दोन्ही सांध्यांतील कोन सारखे असावेत. कोन सारखे राहण्यासाठी पीटीओचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा समांतर असावे लागतात. यंत्र तोंड वर करून उचलले गेले की ही समांतरता मोडते, खडखड ऐकू येते, आणि वेळीच थांबविले नाही तर क्रॉस तुटतो. म्हणून बांधाशी वळताना स्लॅशर जितका लागेल तितकाच उचलावा आणि पूर्ण उचलण्यापूर्वी पीटीओ सोडावा.

एकात एक सरकणाऱ्या या दांड्याची लांबीही जुळणीचाच भाग आहे. यंत्र वरखाली होताना पीटीओ आणि गिअरबॉक्स यांतील अंतर बदलते. बहुधा दोन्ही दांडे एका रेषेत येतात त्या स्थितीत ते सर्वांत कमी असते. त्या स्थितीतही दांडा पूर्ण मिटता कामा नये, निदान अडीच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. नाहीतर तो पाचरीसारखा गिअरबॉक्सचे बेअरिंग फोडतो. सर्वांत लांब स्थितीत आतला दांडा बाहेरच्यात सुमारे एकतृतीयांश तरी राहिला पाहिजे. नवा दांडा लांब असल्यास दोन्ही भाग सारख्याच मापाने कापावेत आणि वरचे प्लास्टिकचे आवरणही तेवढेच कापावे. ते आवरण काढून टाकण्याची सवय घातक आहे. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक उघड्या दांड्यात सापडले की 540 फेऱ्यांना म्हणजे सेकंदाला नऊ फेरे होतात. हात मागे घेण्यास अवधीच उरत नाही.

जुन्या ट्रॅक्टरांवर आणखी एक धोका दडलेला असतो. फोर्डच्या वर सांगितलेल्या तीनही ट्रॅक्टरांत पीटीओ गिअरच्या मार्फत चालतो, क्लचच्या पुढे. क्लच दाबला म्हणजे इंजिन सुटते. पण पीटीओ आणि मागची चाके एकमेकांना जोडलेलीच राहतात. नांगराला याची फिकीर नव्हती, कारण नांगराला पीटीओच लागत नाही. स्लॅशरचे जड पाते मात्र क्लच दाबल्यावरही आपल्या वेगाने फिरत राहते, आणि ती फिरती शक्ती उलटी गिअरमधून चाकांपर्यंत जाऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. समोर झाड आहे, विहिरीचा कठडा आहे, चालकाने क्लच पायाखाली दाबून धरला आहे आणि ट्रॅक्टर चालतोच आहे, असा तो प्रसंग असतो. याच ट्रॅक्टरांचा हायड्रॉलिक पंपही पीटीओवरच चालत असल्याने क्लच दाबल्यावर पात्याचा वेग ओसरला की यंत्र उचलताही येत नाही. उपाय सायकलच्या फ्रीव्हीलसारखा आहे : पीटीओच्या टोकावर एकाच दिशेने शक्ती नेणारा कपलर बसवावा. पाते फिरत राहिले तरी त्याचा जोर मागे येत नाही. नंतरच्या ट्रॅक्टरांत ड्युअल क्लच आला आणि गिअरची चाल थांबवून पीटीओ चालू ठेवता येऊ लागला. पण त्याचे पेडल अर्धे दाबावे की पूर्ण, हे चालकाला सांगणे राहून जाते.

चेक चेनविषयी थोडकेच सांगणे आहे. नांगर जमिनीत असताना लोअर लिंकांना डावी-उजवीकडे झुलण्यास मोकळीक हवी असते, कारण त्या पुढच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या असल्याने नांगर आपोआप सरळ रेषेत येतो. स्लॅशरला हे झुलणे नको असते. उतारावर तो खालच्या बाजूस सरकून टायरला घासतो. दोन्ही बाजूंस मिळून चारपाच सेंटिमीटर मोकळीक पुरे. फळबागेत फांद्यांखालचे गवत घेण्यासाठी यंत्र एका बाजूस सरकवून लावावयाचे असेल, तर त्यासाठी चौकटीतच सोय असलेला स्लॅशर घ्यावा. साखळ्या कमीजास्त ताणून ते साधू नये, कारण तसे केल्यास पीटीओचा दांडाही तिरका होतो.

सर्व झाल्यावर वीसपंचवीस मीटरांचा एक पट्टा पूर्ण पीटीओ वेगाने कापून पाहावा. दोन लगतच्या पट्ट्यांत पायरी दिसली तर दोष लिफ्ट रॉडचा. उंचवट्यांवर माती खरवडली जात असेल तर उंची कमी आहे किंवा झुलत्या पट्टीला मोकळीक नाही. यंत्र आपोआप वरखाली होत असेल तर ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी आहे. केवळ टायरांच्या मागांवरचे गवत राहत असेल तर जोडणीला हात लावू नये. ते गवत टायरांनी दबलेले असते, आणि पात्याला धार नसेल तर ते उठतही नाही. टॉप लिंकच्या नळीवरचा चेक नट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळावा. यंत्राच्या हादऱ्याने तो सुटतो, नळी आपोआप फिरते, आणि सकाळी मोजून घेतलेली मोकळीक दुपारपर्यंत उरत नाही.